बंद ट्रॅक्टर घेताय? आधी ओळख पटवा, मग भाव बोला



मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. "मामा, 35 एचपीचा ट्रॅक्टर मिळतोय. दोन वर्षं उभाय, पण मालक म्हणतो फक्त बॅटरी आणि नोझलचं काम आहे. 1 लाख 10 हजार सांगतोय. इसाराचे 10 हजार घेऊन निघालोय, तुम्ही येता का?"

म्हटलं, येतो. पण इसार खिशातच राहू दे.

बाजारात बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो. बसलेला बैल उठत नसेल तर "उठला की चांगला चालतो" या शब्दावर कोणी पैसे मोजत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र शहाणी माणसंही हेच करतात. "चालू झाला की लाखाचा माल आहे" हे वाक्य ऐकून मी स्वतः एकदा फसलोय. 60 हजाराला घेतला, 1 लाख 40 हजार घातले, वर तीन महिने फिटरच्या दारात चकरा. म्हणजे 2 लाख. तेव्हा आमच्या भागात तसाच चालू ट्रॅक्टर 1 लाख 60 ला मिळत होता.

म्हणून माझं स्पष्ट मत: बंद ट्रॅक्टर घेऊच नये असं नाही. पण जे चालवून बघता आलं नाही, ते बिघडलेलंच आहे असं धरून भाव काढायचा. मालकाचा शब्द हिशेबात धरायचा नाही. मालक खोटं बोलतो असं नाही, त्यालाही बऱ्याचदा आतलं माहीत नसतं.

पहिली गोष्ट: हा ट्रॅक्टर नक्की कुठला?

बोनेट आणि स्टिकरवर जाऊ नका. बोनेट, मडगार्ड, रंग सगळं बदलता येतं. दोन भंगार ट्रॅक्टरचा एक केलेला मी डोळ्याने पाहिलाय. ट्रॅक्टरची खरी ओळख दोन नंबरांत असते: इंजिन नंबर आणि चेसिस नंबर. वायर ब्रशने गंज-ऑइल साफ करा आणि आरटीओत लागते तशी कागदावर पेन्सिलने छाप घ्या. मग आरसी बुकाशी एक एक आकडा ताडून बघा. नंबरप्लेटचे रिबीट नवे दिसले, आकड्यांजवळ ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा दिसल्या, की तिथूनच मागे फिरा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल, तर ती भानगड उद्या तुमच्या गळ्यात.

मॉडेल कळलं की तालुक्याच्या पार्टवाल्याकडे जा आणि विचारा: याचे लायनर-पिस्टन, क्लच प्लेट, हायड्रोलिकचं सामान मिळतं का? कंपनी दुसऱ्याकडे गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. आयशरचा ट्रॅक्टर धंदा 2005 मध्ये टाफेकडे गेला, स्वराज 2007 मध्ये महिंद्राकडे आला, दोन्ही नावं आजही बाजारात आहेत. एचएमटीचं तसं नाही. पिंजोरचा तो कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने 2016 मध्ये घेतला. एचएमटी वाईट होता असं मी म्हणत नाही, पण पार्ट शोधायचा वेळ आणि खर्च भावातून वजा करा.

दुसरी गोष्ट: कागद

जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा बघतो ना? तसा आरसीवरचा बोजा बघा. कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो. विकणारा आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का? नाव करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, त्याचा फॉर्म 31.

नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे 5-5 वर्षांनी वाढवायची, आणि त्यासाठी ट्रॅक्टर तपासणीला न्यावा लागतो. म्हणजे मुदत संपलेला ट्रॅक्टर आधी दुरुस्त करा, मग कागद. तोवर पैसे अडकले. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी आणि विम्याची तारीख बघता येते. जुनी नोंद तिथे सापडली नाही तर आरटीओत जाऊन विचारा.

विकणाऱ्यांनाही एक सांगतो. स्टॅम्पवर लिहून दिलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. अपघात झाला तर आरटीओत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात सांगितलंय.

तिसरी गोष्ट: हाताने काय काय कळतं

ट्रॅक्टर बंद असला तरी बरंच बोलतो. सोबत पाना, बॅटरी आणि एक जुनं डबडं न्या.

1. सायलेन्सरचं तोंड बघा. त्यावर डबा उपडा घातला नसेल तर पावसाचं पाणी आत गेलंय असंच धरा.

2. गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावा आणि सावकाश फिरवा. इंजिन फिरलं आणि मधेमधे दाब जाणवला तर बरं. सहज गरगर फिरलं तर रिंगा किंवा वॉल्व्ह गेले. हललंच नाही तर जाम. नोझल काढून वरून डिझेल सोडलं आणि काही दिवस ठेवलं तर कधी कधी सुटतं. पण ते सोडवायचं काम विकणाऱ्याने करावं. सुटेपर्यंत भाव जाम इंजिनाचाच.

3. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ म्हणजे पाणी मिसळलंय: हेड गॅस्केट, लायनरचे रिंग किंवा फुटका ब्लॉक. पातळ होऊन पातळी वर आली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पंप किंवा नोझलचं दुखणं.

4. खालचे ड्रेन प्लग थोडेसे ढिले करा, इंजिनचाही आणि गिअर बॉक्सचाही. बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरमध्ये पाणी तळाला बसतं, ते आधी येतं. प्लगवर लोखंडाचे तुकडे चिकटलेले दिसले तर गिअर किंवा क्राऊनची बोंब आहे.

5. ब्लॉक आणि हाऊसिंगवर वेल्डिंग किंवा एम-सील आहे का बघा. ताजा रंग मारला असेल तर दुप्पट बारकाईने.

6. तासांच्या मीटरवर विश्वास नको. क्लच-ब्रेकचे पेडल किती झिजलेत, लिंकेजच्या पिनांची भोकं किती लांबट झालीत, स्टेअरिंगला किती प्ले आहे, ते बघा. मीटर बदलता येतो, झीज लपत नाही.

हायड्रोलिक, पीटीओ, गिअरमधला आवाज हे बंद ट्रॅक्टरवर कळत नाही. उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट बऱ्याचदा फ्लायव्हीलला चिकटते. ही सगळी कामं खर्चातच धरा.

शेवटी शेजाऱ्याला विचारा, ट्रॅक्टरने आयुष्यभर काय काम केलं? कारखान्याला ऊस ओढला असेल तर क्लच, क्राऊन आणि पुढचा एक्सल थकलेला असतो. भाताच्या चिखलणीत राबला असेल तर एक्सलचे सील आणि ब्रेकमध्ये पाणी. बागेत फवारणीला असेल तर ओढ कमी बसलेली असते, पण तास भरपूर.

आता भाव

खालचे आकडे समजुतीसाठी धरलेत. तुमच्या भागातले आकडे तुम्ही घाला.

समजा तसाच चालू ट्रॅक्टर 2,20,000 ला मिळतो. बंद ट्रॅक्टरचं इंजिन जाम, मागचे टायर चिरलेले. पूर्ण इंजिन काम 70,000, क्लच आणि हायड्रोलिक 25,000, मागचे टायर 40,000, बॅटरी-सेल्फ-वायरिंग 15,000. दुरुस्ती झाली 1,50,000. कागद आणि वाहून आणणं 10,000. खोलल्यावर निघणाऱ्या कामासाठी दुरुस्तीच्या चौथा हिस्सा, 37,500. एकूण 1,97,500. म्हणजे या ट्रॅक्टरला तुम्ही जास्तीत जास्त 22,500 देऊ शकता.

आता भंगाराचा भाव काढा. 35-40 एचपीचा ट्रॅक्टर साधारण 1700 ते 2000 किलो भरतो. 1800 किलो आणि 30 रुपये किलो धरले तर 54,000. मालक 22,500 ला कशाला देईल? बरोबर आहे त्याचं. तुमचा आकडा भंगाराच्या खाली गेला की समजायचं, हा ट्रॅक्टर शेतात जाणारा नाही, काट्यावर जाणारा आहे.

तोच ट्रॅक्टर, पण इंजिन हाताने फिरतंय आणि टायर चांगले. हाफ इंजिन 35,000, क्लच-हायड्रोलिक 25,000, बॅटरी वगैरे 15,000, कागद-वाहतूक 10,000, चौथा हिस्सा 18,750. एकूण 1,03,750. याला 1,16,250 पर्यंत जायला हरकत नाही. लांबून दोन्ही ट्रॅक्टर सारखेच गंजलेले दिसतात. भावात फरक 93,750 चा, आणि तो कळायला पाना अन् अर्धा तास पुरतो.

हिशेब घरी कागदावर करा. ट्रॅक्टरजवळ उभं राहून, चार माणसांत चहा पिताना केलेला हिशेब नेहमी मालकाच्या बाजूने झुकतो.

भाच्याच्या ट्रॅक्टरचं काय झालं? छाप जुळली, त्यात खोट नव्हती. पण सायलेन्सर दोन पावसाळे उघडा, पुली तसूभर हलली नाही. आरसी मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि बँकेचा बोजा तसाच. आम्ही म्हटलं, वारसाची नोंद करा, बोजा उतरवा, इंजिन सोडवून दाखवा, मग बोलू. मालक म्हणाला, "घ्यायचा तर असाच घ्या, गिऱ्हाईक पुष्कळ आहेत."

रिकाम्या हाताने परत आलो. भाचा वाटेत बोलला नाही. चार एकरवाल्याला भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी पेरणीच्या वेळी दारोदार फिरावं लागतं, त्याचं दुःख मला कळतं. पण कांद्याचे आलेले पैसे जाम इंजिनात घातले असते, तर पेरणीला ट्रॅक्टरही नसता आणि बियाण्याला पैसेही नसते. 10 हजार अजून त्याच्या खिशात आहेत. दुसरा ट्रॅक्टर बघतोय. या वेळी पाना तो स्वतःच घेऊन गेलाय.

तुमच्याकडे बंद ट्रॅक्टरचा हिशेब कसा लावतात? माझं काही सुटलं असेल तर फिटर मंडळींनी जरूर सांगा.