फूटपाथ किती फुटांचा?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी दरवर्षी तिथे मोठी गर्दी लोटते. पण पाळीला निघालेला कामगार, दप्तर घेतलेली पोर, काठी टेकणारी आजी रोजच चालतात. त्यांच्या वाट्याचा रस्ता कुठे आहे?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोकळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मानकाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी जागा हवी. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. नाहीतर आजी चढणार कशी?

मात्र त्यासाठी भाजीवालीची पाटी उचलायला लावू नका. तीही आपलीच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिला हटवता येत नाही. आराखड्यात तिची जागा आधी मागा, मग बागेतली बाकडी आणि झाडे.

या रविवारी महिला मंडळाने टेप घेऊन रस्ता आणि बाग मोजावी. हद्द नगरपंचायतीची, कॅन्टोन्मेंटची की महापालिकेची, ते घरपट्टीच्या पावतीवर पाहावे. तिथेच मापांसह अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.