‘नाइस’ शब्दाचें कूळ व वर्तन

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास जीं विशेषणें प्रथम भेटतात, त्यांत ‘नाइस’ हें एक होय. त्याचा ‘छान’ असा अर्थ तें तत्काल पाठ करतें आणि मग आमटी, सहल, मास्तर व मामा या सर्वांस सरसकट लावीत सुटतें. वडील मंडळींची गतही फारशी निराळी नसते. यास्तव या शब्दाची थोडी हकीकत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लॅटिन भाषेंतील ‘नेस्किउस’ म्हणजे ‘न जाणणारा’, हें याचें मूळ. इ. स. १३०० च्या सुमारास तो फ्रेंचांकडून इंग्रजींत आला, तेव्हां त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. चॉसर कवीच्या काव्यांतही तो या अर्थानें आढळतो. पुढें त्यास ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’, ‘सूक्ष्म’ असे अर्थ चिकटले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘सुखकर’ हा आजचा अर्थ रूढ झाला. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरींत जेन ऑस्टेनबाईंनीं या शब्दाच्या सरसकट वापराची थट्टा केलेलीच आहे. याउलट ‘सिली’ हा शब्द एके काळीं ‘धन्य’ होता, तो आज ‘मूर्ख’ झाला! आपल्याकडेही धर्मशास्त्रांत ‘साहस’ हा बळजोरीचा गुन्हा; मराठींत मात्र तो गौरवाचा शब्द आहे.

जुने अर्थ अद्यापि पुरते मेलेले नाहींत. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे छान भेद नव्हे, तर सूक्ष्म भेद. ‘नाइस अँड वॉर्म’ म्हणजे चांगलें ऊबदार. येथें ‘नाइस’ हा केवळ ‘वॉर्म’चा सोबती. ‘नाइस मेस’ मध्यें तर आपल्या ‘छान घोळ घातलास!’ प्रमाणें उपरोध आहे. माणसाविषयीं ‘नाइस टु’ म्हटलें, म्हणजे त्याचें वागणें सौजन्याचें, असें समजावें.

शब्द वाईट नव्हे. पण तो फार थोडें सांगतो. परगांवीं शिकणारा मुलगा ‘एव्हरीथिंग इज नाइस’ एवढेंच कळवितो, तेव्हां त्याच्या खोलींत ऊन येतें कीं नाहीं, पोटभर जेवण मिळतें कीं नाहीं, यांपैकीं कांहींच आईस समजत नाहीं. म्हणून घरांतील मुलांनीं ‘नाइस’ म्हणतांच ‘म्हणजे कसें?’ एवढा प्रश्न त्यांस विचारावा. आमटी चवदार, सहल आनंदाची, मास्तर समजूतदार व मामा प्रेमळ, असें उत्तर आलें, कीं इंग्रजीबरोबर मराठीचाही पाठ झाला म्हणावयाचा.