बैठकीचे ठिकाण आणि सत्तेचे ठाणे

एखाद्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक संस्थेने आपली बैठक व्हिएन्नात घ्यावी की नैरोबीत, या वादाशी समाजवादी कार्यकर्त्याला काय कर्तव्य, असे कुणी विचारील. परंतु इंटरनेट ज्या नियमांवर चालते ते कोणत्याही संसदेने संमत केलेले नाहीत. त्यांतील बहुतेक नियम इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स नावाच्या संस्थेत घडतात. संगणकांनी परस्परांशी कसे बोलावे, संदेश तिऱ्हाइताला वाचता येऊ नये यासाठी काय करावे, हे तेथे ठरते आणि सारे जग ते पाळते. मग ठरवणारे कुठे जमतात आणि तेथवर कोण पोचू शकतो, हा प्रश्न राजकीय नाही तर काय आहे?

या संस्थेची ख्याती मोठी लोकशाहीवादी आहे. सभासदत्व नाही, मतदान नाही. कुणीही यावे, मुद्दा मांडावा, आणि ढोबळ सहमती होईल तो निर्णय मानावा. कागदावर यापरते समतावादी काय असणार! जानेवारी १९८६ मध्ये सॅन डिएगो येथे पहिली बैठक झाली तेव्हा अवघी २१ माणसे हजर होती. तेव्हापासून २०२५ अखेर १२४ बैठका झाल्या. महासाथीच्या काळातल्या काही केवळ दूरस्थ होत्या, त्या सोडून द्या. उरलेल्यांपैकी एकही आफ्रिका खंडात झाली नाही. भारतात झाली नाही. दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला एकच आली, एप्रिल २०१६ मधली ब्युनॉस आयर्सची.

हा योगायोग नव्हे. २०२० साली हे धोरण रीतसर लेखी नोंदवले गेले: वर्षाला तीन बैठका, त्यांतली एक उत्तर अमेरिकेत, एक युरोपात, एक आशियात. बाकीच्या जगासाठी चाचणीदाखल एखादी, जमल्यास. समर्थन असे की जे प्रत्यक्ष काम करतात त्यांच्यात प्रवासाचा त्रास आणि खर्च सारखा वाटला जावा. वरवर न्याय्य वाटणाऱ्या या युक्तिवादातच सारी मेख आहे. जो आधीच पंगतीला बसला आहे त्याच्या सोयीने पुढची पंगत कुठे मांडायची हे ठरणार. ती दूर मांडली म्हणून ज्याला येता आले नाही, त्याची गणती 'काम करणाऱ्यांत' होणार नाही. आणि तो गणतीत नाही म्हणून पंगत त्याच्या गावी कधी जाणार नाही. प्रस्थापितांनी आपली मिरासदारी टिकवण्यासाठी याहून सभ्य यंत्रणा क्वचितच उभारली असेल.

येथे तिकीट आणि सत्ता यांचे नाते उघडे पडते. संस्थेचे नेतृत्व निवडणारी दहा मतदारांची समिती स्वेच्छेने पुढे आलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून नेमली जाते. पण चिठ्ठीत नाव पडण्यासाठी शेवटच्या पाचपैकी तीन बैठकांना जातीने हजर असावे लागे. विमानभाडे, हॉटेल आणि शेकडो डॉलरचे प्रवेशशुल्क दीड वर्षात तीन वेळा कोण भरणार? सहभागी व्यक्ती म्हणून येतो, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, असे आवर्जून सांगितले जाते. त्याचे तिकीट मात्र बहुधा कंपनीच काढते. महासाथीने ही अट मोडली आणि २०२३ पासून दूरस्थ हजेरीही कायमची धरली गेली. ज्याला शुल्क परवडत नाही त्याला दूरस्थ सहभागासाठी ते माफही होते. या सुधारणांचे श्रेय द्यायलाच हवे. पण जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असतात. आणि जेवणाच्या टेबलावर जुळणारी मने पडद्यावरून जुळत नाहीत, हे अधिवेशने पाहिलेल्या वाचकांना सांगावयास नको.

व्हिसाची भिंत निराळीच. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये टास्क फोर्सची बैठक शिकागोत भरली. करार आधीच झालेला होता, हे मान्य. पण पाहुण्यांची नावे ज्याच्या हुकमाने वहीतून खोडली जातात त्याच्याच ओसरीवर पुन्हा पुन्हा जाण्याचा हट्ट कशासाठी?

गरीब देशांत सोयी नाहीत, ही सबब तर टिकतच नाही. इंटरनेटवरील नावांचा आणि पत्त्यांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था काही समाजवादी नव्हे. तरी ती २००० साली कैरोत, २०१० मध्ये नैरोबीत, २०२४ मध्ये किगालीत भरली. २००८ मध्ये ती दिल्लीत आणि २०१६ मध्ये हैदराबादेतही आली होती. सोयी ठिकाणाला चिकटून येत नसतात, माणसे त्या उभ्या करतात. १९३६ साली काँग्रेसने आपले पहिले ग्रामीण अधिवेशन खानदेशात फैजपूरला घेतले, तेव्हा तेथे सभागृह नव्हते. साने गुरुजींसारख्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली.

तेव्हा मागणी अशी हवी: आज कोण येते यावर नव्हे, तर इंटरनेट वापरणारी माणसे कुठे राहतात यावर ठिकाण ठरावे, आणि आफ्रिकेला 'चाचणी' म्हणून नव्हे, हक्काची पाळी मिळावी. भारतासाठी हीच मागणी करताना मात्र दिल्लीकरांना आरसा दाखवावा लागेल. बैठकीच्या जागी अनिर्बंध इंटरनेट हवे, ही टास्क फोर्सची अट आहे. आणि आपल्या सरकारने ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरचे इंटरनेट तोडले, ते फोर-जी वेगाने पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला.