विमानाचा खेळ आणि कोंकणचा किनारा

संगणकावरील विमानाचा खेळ म्हणजे निव्वळ कालाचा अपव्यय, असें पुष्कळ पालकांचें मत आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. ह्या खेळाचें मूळ शिक्षणांतच आहे. एडविन लिंक ह्यांनीं १९२९ सालीं जमिनीवरच विमान चालविण्यास शिकविणारें यंत्र तयार केलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत हजारों वैमानिक त्यावर शिकले.

आज चारपांच विद्यार्थी आपापल्या घरीं बसून एकाच आकाशांत मिळून उडूं शकतात. त्यांनीं मुंबईहून दक्षिणेस निघावें. अलिबागचा कुलाबा, मुरूडजवळील जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग आणि १६६४ सालीं बांधावयास घेतलेला मालवणचा सिंधुदुर्ग क्रमानें लागतात. हे दुर्ग बंदरांच्या व खाड्यांच्या तोंडाशीं पहारेकऱ्यांप्रमाणें उभे आहेत, ही गोष्ट वरून पाहतांच ध्यानीं येते. शिवाय ज्याचें विमान वेगवान, त्यास मागें राहिलेल्या सोबत्याकरितां वेग आवरावा लागतो. हें शिक्षणही लहान नव्हे.

तथापि आकाशांतून तट दिसतो, तो रचणाऱ्या पाथरवटांचे कष्ट दिसत नाहींत. म्हणून विद्यार्थ्यांनीं सुटींत एक तरी दुर्ग प्रत्यक्ष पाहावा. ओहोटीच्या वेळीं कुलाब्यास तर चालतही जातां येतें.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, खेळ बंद करविण्यापूर्वीं मुलास विचारावें, "पुढचा दुर्ग कोणता, आणि तो तेथेंच कां बांधला?" उत्तर मिळालें, तर तो अभ्यास होय, न मिळालें, तर आपला आक्षेप यथार्थ समजावा.