बाहेरचे नाव ठरवायचे कोणी?

वाकोल्याचा माणूस लोकलने सांताक्रूझला उतरतो. शेजारच्या कलिन्याला जमिनीच्या दप्तरात 'कोले-कल्याण' म्हणतात. सांताक्रूझ, म्हणजे पवित्र क्रूस, हा शब्द पोर्तुगीज. मग हे नाव इथले की बाहेरचे?

नावांच्या अभ्यासात बाहेरच्यांनी ठेवलेल्या स्थलनामाला 'एक्झोनिम' म्हणतात. मार्सेल ऑरूसो या ऑस्ट्रेलियन भूगोलतज्ज्ञाने हा शब्द १९५७ साली रूढ केला. ग्रीक 'एक्सो' म्हणजे बाहेर, 'ओनोमा' म्हणजे नाव. आणि हा ओनोमा आपल्या 'नाम'चाच चुलतभाऊ. ऑरूसो लंडनच्या स्थलनाम समितीचा सचिव होता. इटालियन माणूस ज्याला फिरेंझे म्हणतो, ते इंग्रजाच्या नकाशात फ्लॉरेन्स का, असल्या व्यावहारिक प्रश्नांतून हा शब्द निघाला. त्यात शिवी नव्हती.

आपल्याकडे मात्र 'बाहेरचे नाव' म्हटले की आवाज चढतो. १९९५ साली 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाले, तेव्हा बदलले ते इंग्रजीतले नाव. मराठी माणूस त्याआधीही मुंबईच म्हणत होता. ते योग्यच झाले. पण खरा पेच पुढे आहे.

बाहेर कोण, हे ठरवायचे कशावरून? संयुक्त राष्ट्रांच्या स्थलनाम तज्ज्ञगटाने आधी भाषेचा अधिकृत दर्जा धरला होता. २००७ साली व्याख्या बदलून ती भाषा तेथे मोठ्या प्रमाणावर बोलली जाते का, हे पाहायचे ठरले. फरक किरकोळ वाटतो, पण तो बेळगावला नेऊन पाहावा. कर्नाटक सरकारने २०१४ साली 'बेळगावी' हे नाव अधिकृत केले. सरकारी दर्जाचे माप लावले, तर पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरातले 'बेळगाव' बाहेरचे ठरते! बोलण्याचे माप लावले, तर ते घरचेच. मी दुसऱ्या मापाच्या बाजूचा.

मात्र हे माप आपल्या सोयीपुरते वापरता येत नाही. वाकोला-कलिन्याच्या परिसरातले ईस्ट इंडियन मूळचे इथलेच, बोली मराठी. 'ईस्ट इंडियन' हे इंग्रजी नावही त्यांनी स्वतःच घेतले, १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात. त्यांच्या तोंडी सांताक्रूझ पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते बदला म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या एखाद्या आजीला विचारावे. उत्तर मराठीतच मिळेल.