तळाला भोक पाडताना

साप्ताहिक सदर : परसदार

मृग नक्षत्र लागायला अद्याप पंधरवड्याचा अवकाश आहे. या पंधरवड्यात पावसाळ्यापूर्वीच्या आवराआवरीच्या निमित्ताने घरोघरच्या माळ्यांवरून तडकलेले पिंप, कडी निखळलेली बादली, रिकामे झालेले तेलाचे डबे आणि छिद्रे बुजल्यामुळे पाणी गार करीनासा झालेला गेल्या वर्षीचा माठ असे जिन्नस खाली उतरतात, आणि त्यांची रवानगी मोडीत करावी की गच्चीतल्या झाडांकडे, याचा निकाल घरच्या माणसांना एखाद्या दुपारीच द्यावा लागतो. तो निकाल झाडांच्या बाजूने लागावा असे मला मनापासून वाटते. तथापि तो लागल्यानंतर भांड्यावर जो एकच संस्कार अनिवार्यपणे करावयाचा असतो, त्याविषयी आपल्याकडे इतकी अनास्था आहे की, हौसेने लावलेली निम्मी झाडे उन्हाने नव्हे, तर पहिल्या पावसाने दगावतात.

आमच्या घरी एक पितळी घंगाळ होते, आणि त्यात आमच्या कुळातील तीन पिढ्यांची बाळे न्हाली होती. एका बाजूची कडी निखळून ते न्हाणीघरातून बेदखल झाले, तेव्हा आईने त्यात मोगरा लावला. परंतु उद्या घरात एखादे नातवंड आले तर घंगाळ पुन्हा लागेल, या आशेने त्याच्या बुडाला भोक पाडावयास तिचे मन धजेना. चैत्र-वैशाखात मोगऱ्याने ओंजळी भरभरून फुले दिली. आषाढाची झड लागली तशी पाने पिवळी पडू लागली, आणि श्रावणात रोप उपटून पाहिले तो मुळ्या काळ्या आणि लिबलिबीत झालेल्या, मातीला गटाराचा दर्प आलेला. माती पाण्याने तुडुंब झाली म्हणजे तिच्या कणांमधल्या पोकळ्यांतील हवा हाकलली जाते, मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, आणि श्वास कोंडलेल्या त्या मुळांवर कुजविणाऱ्या बुरशीचा अंमल बसतो, हे शास्त्र आईला कोणी शिकविले नव्हते. पण पुढच्या वर्षी तिने स्वतःच जाड खिळा आणि हातोडी घेतली, घंगाळ मांडीशी धरले आणि त्याच्या बुडाला पाच भोके पाडली. पाचव्या ठोक्यानंतर त्या घंगाळाला न्हाणीघरात परतण्याची वाट उरली नाही. त्यातला दुसरा मोगरा अकरा वर्षे फुलला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, निरुपयोगी भांड्याची कुंडी करणे म्हणजे भांड्यात माती भरणे, अशी जी समजूत रूढ आहे ती अपुरी आहे. भोक न पाडलेले भांडे मनाने अजून भांडेच असते. झाड त्यात आश्रितासारखे राहते. भांड्यावरचा आपला जुना हक्क सोडण्याची तयारी नसेल, तर ते खुशाल पुन्हा माळ्यावर ठेवावे, झाडाचा जीव त्यात गुंतवू नये.

मुंबईच्या चाळींतून ही वहिवाट फार जुनी आहे. तुळशीवृंदावनाला अंगण लागते, आणि ज्यांचे सारे बिऱ्हाड दहा बाय बाराच्या खोलीत आणि समोरच्या सामाईक गॅलरीच्या तीन हातांत सामावलेले असे, त्यांनी तुळस लावली ती रॉकेलच्या चौकोनी डब्यात. हा चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरांचा डबा लाकडी खोक्यातून जोडीजोडीने येई, आणि रिकामा झाल्यावर पाणी साठविण्यापासून धान्य ठेवण्यापर्यंत नाना कामे करून अखेरीस गॅलरीच्या कठड्याशी स्थिरावे. १९३७ साली डालडा बाजारात आले, आणि माडासारख्या झाडाचे चित्र मिरविणारा तो पिवळा डबाही त्याच पंक्तीला बसला. कोकणातून किंवा घाटावरून मुंबईस आलेल्या माणसाचे गावाकडचे परसू त्या दोन डब्यांत येऊन राहिले होते: एकात तुळस, दुसऱ्यात गवती चहा नाहीतर पानओवा. त्या डब्यांना कोणी रंग दिला नव्हता, नक्षी काढली नव्हती. पण त्यांच्या बुडाला भोके मात्र होती.

ती कशी पाडावी हेही सांगतो, कारण चूक इथेच होते. पत्र्याच्या डब्याला खिळा आतून बाहेर ठोकावा, म्हणजे पत्र्याची उलटलेली कड बाहेर राहते आणि आत पाणी अडत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची पाच-सहा भोके तळाला, आणि डबा फरशीवर सपाट बसणार असेल तर आणखी दोन-तीन बाजूला, तळापासून अर्ध्या बोटाच्या उंचीवर. चिनी मातीच्या बरणीला ठोकाठोक सोसत नाही. तिच्या आत एखादी लहान कुंडी ठेवावी आणि कुंडीतून झिरपलेले पाणी वेळोवेळी ओतून टाकावे.

भोक पाडल्यावर तळाला दोन-तीन बोटे खडी पसरण्याचा शिरस्ता घरोघरी पाळला जातो, आणि मीही तो पुष्कळ वर्षे श्रद्धेने पाळला. तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतले पाणी, माती काठोकाठ ओली झाल्यावाचून, खालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत उतरत नाही. त्यामुळे तळाशी साचून राहणारा ओला थर नाहीसा न होता केवळ खडीच्या उंचीइतका वर सरकतो, आणि मुळांची जागा तेवढी घटते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. हा ओला थर भांडे उथळ असो की खोल, एकाच मातीत साधारण सारख्याच जाडीचा राहतो. म्हणून परातीसारख्या पसरट भांड्यात मातीचा मोठा हिस्सा सदैव चिंब असतो, आणि उंच डब्यात मुळांना वर कोरडा, हवेशीर आसरा मिळतो. मेथी-कोथिंबिरीला परात चालते, पण तिच्यातली माती भरभरीत हवी. टोमॅटो, मिरची, कढीपत्ता यांना डबाच हवा.

पत्र्याचा मुख्य दोष गंज हा नव्हे, कारण लोखंडाचा गंज झाडाला बाधत नाही. मुख्य दोष ऊन हा आहे. वैशाखात पश्चिमेच्या गच्चीत ठेवलेल्या डब्याचा पत्रा हात लावू देत नाही, आणि मातीचे तापमान चाळीस अंशांच्या पलीकडे गेले की त्या बाजूच्या मुळ्या होरपळतात. वरची पाने कोमेजली म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, आणि होरपळलेले झाड आता कुजूही लागते. डब्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्यावेत किंवा गोणपाट गुंडाळावे. माठाला ही काळजी नको. ज्या गुणाने तो पाणी गार करतो त्याच गुणाने तो मुळांना गारवा देतो, आणि जुना झाल्याने तो गुण उणावला तरी पुरता नाहीसा होत नाही. मात्र त्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे. त्यात वाढलेले झाड पुढे बाहेर काढता येत नाही, म्हणून गळा आधीच कापून घ्यावा. मीठ साठविलेला मातीचा रांजण मात्र कदापि घेऊ नये. खापराच्या अंगात मुरलेले मीठ ओलाव्याबरोबर मातीत उतरत राहते.

भाराचा हिशेब तर कोणी करीतच नाही. पंधरा किलो तेलाचा डबा ओल्या मातीने भरला की पंचवीस किलोच्या आसपास जातो, आणि दोनशे लिटरांचे पिंप तीनशे किलोंहून अधिक. जुन्या चाळींच्या लाकडी गॅलरीत किंवा सज्जावर असे पिंप चढविणे हा झाडांवरच्या प्रेमाचा भाग नाही. भार कमी करण्याचा मार्ग मात्र आहे, आणि तो घरातूनच जातो: वाळलेली पाने, उसाची चिपाडे, भाज्यांची देठे-साले यांनी भांडे बहुतांशी भरावे आणि माती थोडीच घालावी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचेच खत करून बाग उभी केली. त्याच्याही पूर्वी कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे सांगत होते की, सुपीक माती ही सापडण्याची नव्हे, घडविण्याची वस्तू आहे. ज्या घरातून डबा येतो त्याच घरातून डब्यातली मातीही येऊ शकते, हे मला फार मोलाचे वाटते.

काही भांड्यांना मात्र बागेत मज्जावच हवा. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडासाठी वापरू नये. १९७१च्या कीटकनाशक नियमावलीनेच अशी रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरण्याचा हुकूम दिलेला आहे. घरगुती रंगात शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून अमलात आला. त्यापूर्वीचे रंगाचे डबे आणि बॅटऱ्यांची खोकी भाजीपाल्यापासून दूरच ठेवावीत.

घरच्या भांड्यांचा असा कैवार घेतल्याने कुंभाराच्या पोटावर पाय येतो काय, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत आला आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील कुंभारवाड्यात किंवा धारावीत सौराष्ट्रातून येऊन वसलेल्या कुंभारांच्या आळीत जाऊन पाहा: कुंडी चाकावरून उतरते तेव्हा तिचे भोक ओल्या मातीतच पाडलेले असते. ती जन्मतःच झाडासाठी आहे. तिच्या बाबतीत कोणाला जुना हक्क सोडावा लागत नाही. आपल्या घरातला डबा तिचा प्रतिस्पर्धी नाही. तिला हुसकावले आहे ते पातळ प्लास्टिकच्या नव्या कुंड्यांनी, ज्या दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांनी त्याच मातीत मिसळतात. माझे मत स्पष्ट आहे: जे घरात आहे ते वापरावे, जे नाही ते कुंभाराकडून घ्यावे, आणि नवी प्लास्टिकची कुंडी विकत आणूच नये.

वाचकांना एकच विनंती. या रविवारी गच्चीतले आणि गॅलरीतले प्रत्येक भांडे उचलून त्याचे बूड पाहा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते खालून वाहून जाते की नाही याची खात्री करून घ्या. जिथे पाणी अडेल तिथे झाडाचे मूळ कुजेल, आणि आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डासही तयार होईल. त्याची अंडी भांड्याच्या कडेला कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून कुंड्यांखालच्या थाळ्या नुसत्या ओतू नका, घासून पालथ्या घाला. भोक नसलेले एकही भांडे मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत उघड्यावर राहू देऊ नका.