शनीचे इतके चंद्र आले कुठून? उत्तर रंगात दडलंय

मार्च 2025 मध्ये शनीच्या आणखी 128 चंद्रांना आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने मान्यता दिली आणि एकूण आकडा 274 वर गेला. पण हे नवे चंद्र म्हणजे अवघ्या काही किलोमीटरचे तुकडे आहेत. ते शनीपासून दूर, तिरप्या कक्षेत आणि बहुतेक उलट्या दिशेने फिरतात. म्हणून त्यांना 'अनियमित चंद्र' म्हणतात.

असे चंद्र ग्रहासोबत जन्मलेले नसून बाहेरून येऊन त्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकले, असं शास्त्रज्ञ मानतात.

मग ते आले कुठून?

इथे रंग कामी येतो. दुर्बिणीतून हे चंद्र नुसते ठिपके दिसतात. वेगवेगळ्या फिल्टरमधून त्यांचा प्रकाश मोजून रंग ठरवला जातो. गुरूभोवतीच्या कार्मे गटातले चंद्र साधारण सारखेच लालसर आहेत. म्हणजे ते एकाच फुटलेल्या खडकाचे तुकडे असावेत.

कोडं काय आहे?

नेपच्यूनपलीकडच्या कायपर पट्ट्यात अतिशय लाल खडक आढळतात. अनियमित चंद्र मात्र करडे किंवा फिकट लालसर असतात. एकतर ते तिथले नाहीत किंवा टकरींमुळे आणि सूर्याच्या उष्णतेमुळे त्यांचा मूळ रंग उडाला. यातलं खरं काय हे कळलं, तर सूर्यमालेच्या सुरुवातीला कुठला खडक कुठे फेकला गेला, हेही उलगडेल.